दादाला आणायला सोलापूरला

जुळे सोलापुरात राहणाऱ्या विजयाबाई कुलकर्णी यांचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागून. बाई ना माझ्या नात्याच्या ना गावच्या. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या भेटल्या नसत्या तर माझ्या भावाला काय झालंय हे आम्हाला कळलंच नसतं. आणि कळल्यावरसुद्धा मी माझ्याच हातानं सगळं बिघडवून, त्याला गाठोड्यासारखं उचलून गावी आणलं असतं.

देवगडजवळच्या आमच्या वाडीतून सोलापूरला सहसा कोणी जात नाही. परत आल्यापासून बायका विहिरीवर गाठून विचारतात, काय गो, कसं आहे सोलापूर? म्हणून लिहायला बसले. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

दादा माझ्याहून मोठा. विशीत असताना आंब्याच्या ट्रकबरोबर सोलापूरला गेला आणि तिथंच राहिला. टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागला. तिकडचीच सुनंदा बायको केली. मूलबाळ झालं नाही. पूर्वी मे महिन्यात न चुकता यायचा. मग येणं कमी झालं, मग फोनवरचा आवाज बारीक होत गेला. आई कानाला फोन दाबून धरायची आणि म्हणायची, "ह्येका बोलूकच नको आमच्याशी." मलाही तसंच वाटायचं.

मग वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमच्या भावाचं काय खरं न्हाय. काम सुटलं. दिसभर बसून ऱ्हात्यात, त्वांडावरची माशी हलत न्हाय. येऊन बगा की एकदा."

आईनं मला एवढंच सांगितलं, "त्येका घेवन ये." आई आता अंगणाच्या पलीकडे चालू शकत नाही. मी दादाला आणायला निघाले. पाहुणी म्हणून नव्हे.

मागांची गल्ली

कोल्हापूरच्या पुढं मी कधी गेले नव्हते. पिशवीत सुके बांगडे आणि सुकट घेतली होती, दादाला आवडते म्हणून. कोल्हापुरात गाडी बदलली आणि थोड्या वेळानं एकेक जण खिडक्या उघडायला लागला. कंडक्टर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "ताई, पिशवीत काय हाय?" मी म्हटलं, खाऊ आहे. "कुणाचा?" असं म्हणून त्यानं ती पिशवी उचलून मागच्या डिकीत टाकली, आणि अर्धी गाडी हसली. मी उरलेला प्रवास मान खाली घालून केला.

पंढरपूर मागं पडल्यावर मान वर केली तर डोंगर संपले होते. आमच्याकडे कुठंही बघा, नजर झाडाला नाहीतर डोंगराला अडते. इथं काळी जमीन सरळ आभाळापर्यंत जाते. एवढं मोकळं बघून मला मोकळं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली. या मुलखात माणूस हरवला तर कुठं म्हणून शोधायचा?

वहिनी स्टँडवर आली होती. रिक्षा शहराच्या पूर्वेकडच्या गल्ल्यांत शिरली तशी खटाक-खट, खटाक-खट ऐकू यायला लागलं. दोन्ही बाजूंना माग चालू. घरात बोलायचं म्हणजे आवाज चढवूनच. गल्लीत तेलुगू, मराठी, उर्दू एका वाक्यात चालतं आणि सगळ्यांना सगळं कळतं. मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही.

दादा दारातल्या खुर्चीवर होता. मला बघून "इलंस?" म्हणाला. तेसुद्धा ओठ हलले म्हणून समजलं. चेहऱ्यावर काही नाही. भिंतीकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. एवढ्या लांबून आले आणि ह्याला आनंद नाही, असं मनात आलं आणि डोळे भरले.

पिशवी उघडली तशी वहिनीनं पदर नाकाला लावला. "अगं बया! वन्सं, निम्मी गल्ली उठंल आता. शेजारचा विचारंल कोण मेलं म्हणून." समोरच्या घरातून खरंच कोणीतरी खिडकी लावून घेतली. मी बांगडा तव्यावर टाकला आणि दादाकडे बघितलं. लहानपणी बांगडा भाजायला घेतला की हा माडावर असला तरी खाली यायचा. आता तो चुलीपासून हातभर अंतरावर बसला होता आणि त्यानं विचारलं, "काय करतंस?"

मी हसण्यावारी नेलं. पण जेवणात लक्ष लागलं नाही.

जेवणाचंही सांगते. तिकडे ज्वारीची भाकरी पापडासारखी कडक करून ठेवतात. महिनाभर टिकते. वहिनीचा तोच धंदा आहे, भाकऱ्या थापायच्या, वाळवायच्या आणि घरोघर पोचवायच्या. भाकरी हातानं मोडून आमटीत भिजवायची, वर शेंगांची कुटलेली चटणी. पहिल्या घासाला माझी हिरडी सोलली. वहिनी म्हणाली, "भात खानाऱ्याचं त्वांड हे. चार दिसांत हुशार हुईल." आणि झालंही. आता मला ती चटणी आठवते.

नाटक

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मोरीकडे जायला उठला आणि उंबऱ्याशी थांबला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. वरचं अंग पुढं, पाय मागं. मी धरायला धावले.

"ऱ्हाऊ द्या वन्सं," वहिनी चुलीजवळूनच म्हणाली. "हे रोजचं हाय. घरात पाय उचलत न्हाईत आन् गल्लीत कारखान्यापाशी गेलं की मिलिटरीवानी चालत्यात. समद्या गल्लीनं बगितलंय. हे नाटक न्हाय तर काय?"

मी स्वतः बघितलं. घरात अडकणारा माणूस मागांच्या भिंतीला लागून खाडखाड पावलं टाकत गेला. कारखान्यात सुट्टी असली की मात्र तो गल्लीतही अडकायचा. मग लोक म्हणायचे, बघा, सुट्टीचा आळस. कारखान्यात धागे जोडायला वेळ लागायला लागला म्हणून मालकानं घरी बसवलं, तेव्हाही सगळ्यांनी चुकारपणाच धरला. एका म्हाताऱ्या वैद्यानं कंपवाताचा संशय घेतला होता. पण दादाचा हात थरथरत नव्हता. हात कापत नाही तर कंपवात कसला, म्हणून घरच्यांनी ते सोडून दिलं. मीही असते तर सोडूनच दिलं असतं.

मी मनात ठरवलं, इथं ह्याला नाटकी म्हणतात, मी ह्याला घरी नेते. रविवारची गाडी बघितली.

जुळे सोलापूर

निघायच्या आधी वहिनीबरोबर भाकऱ्या पोचवायला गेले, शहर बघावं म्हणून. शुक्रवार पेठेतली दोन घरं केली, सिद्धेश्वराचं तळं रिक्षातून बघितलं, मग जुळे सोलापूर. तिकडे सगळे फ्लॅट, नोकरदारांची वस्ती, स्कूटरींच्या रांगा. मागांचा आवाज अजिबात नाही. विजयाबाईंनी दार उघडायला वेळ लावला. चालणं सावकाश, मान थोडी डुलते, पण डोळे मास्तरणीचे.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी नणंद. भावाला न्ह्यायला आलीया," वहिनी म्हणाली. "आमचं ह्ये काय नीट हुईनात की बाई."

"नीट होईनात म्हणजे काय, सांग तरी."

वहिनीनं सगळं सांगितलं, नाटकासकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मलाच विचारलं, "त्यांना वास येतो का हो?"

मी बांगड्याचं सांगितलं.

"झोपेत ओरडतात? हातपाय झाडतात?"

"आवो, लाथा मारत्यात!" वहिनी म्हणाली. "एकडाव तर मी खाटंवरनं खाली. मला वाटलं दिसभराचा राग काडत्यात."

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "सुनंदा, मलाही हेच झालंय. पार्किन्सन, म्हणजे कंपवातच. इतकी वर्षं तू माझ्या दारात येतेस, मी तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची गं. सांगितलं असतं तर तुझ्या नवऱ्याचं तेव्हाच कळलं असतं."

वहिनी भाकऱ्यांची टोपली धरून तशीच उभी राहिली. बाईंनी आमच्यासमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

तपासणी

मला वाटलं होतं मोठं मशीन असेल, रक्त काढतील. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दादाला अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं. सुरुवातीला आपटलं, मग लहान लहान होत थांबलंच. मनगट धरून फिरवलं आणि माझा हात तिथं ठेवला. "बघा ताई, दात्यांच्या चाकासारखं अडकत अडकत फिरतंय ना?" नाव लिहायला सांगितलं तर अक्षर मुंगीएवढं. मागून खांदे ओढले तर दादा तोल जाऊन त्यांच्याच हातात आला.

"काका नाटक करत नाहीत," डॉक्टर वहिनीकडे बघून म्हणाले. वहिनीनं मान खाली घातली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत एक रसायन बनतं, हालचालीचा हुकूम पोचवणारं. ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. पूर्वी हात थरथरायला लागला की आजार सुरू झाला असं धरायचे. आता कळलंय की तो त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो. वास जातो, पोट साफ होत नाही, झोपेत माणूस लढतो. कित्येकांचा हात शेवटपर्यंत कापतही नाही. चेहरा आखडतो, आवाज बारीक होतो, आणि घरच्यांना वाटतं माणूस तुटला. त्वचेच्या तुकड्यावरून, पाठीच्या मणक्यातल्या पाण्यावरून लवकर ओळखायच्या तपासण्या निघाल्यात, पण त्या अजून सगळीकडे पोचलेल्या नाहीत. आजार थांबवणारं औषध अजून नाही. पण ते रसायन भरून काढणारी गोळी आहे, ती देऊन बघू. तिनं फरक पडला तर निदान आणखी पक्कं होईल.

मी विचारलं, "वास आधी जातो म्हणजे किती आधी?"

ते म्हणाले, नेमकं सांगता येत नाही, पण बरंच.

मला एक मे महिना आठवला. आमच्याकडे आंबे गवतात पिकायला घालतात. कुठला तयार झाला हे दादा नुसत्या वासानं ओळखायचा, हात न लावता. त्या वर्षी त्यानं टोपली भरून कच्चेच आंबे काढले. सगळे हसलो. आई म्हणाली, सोलापुरानं ह्याचं नाक नेलं. तोही हसला होता. तेव्हा त्याला हसता यायचं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गोळीतलं द्रव्य खाजकुयलीच्या बियांतसुद्धा असतं. मी ताडकन म्हटलं, "आमच्या कुंपणावर तीच आहे! पोरं अंग खाजवत घरी येतात." माझ्या डोक्यात लगेच गणित झालं, औषध दारात, आई घरात, मग इथं कशाला? डॉक्टरांनी ओळखलं असावं. "बिया कुटून देऊ नका हं ताई. किती पोटात गेलं ते कळत नाही. गोळीच द्या, आणि डोस हळूहळू वाढवावा लागेल, तेव्हा दाखवायला आणा." मी हो म्हटलं. पण रविवारची गाडी डोक्यातून गेली नव्हती. फक्त पुढच्या रविवारवर गेली.

बांगडा

गोळी सुरू झाली. माझ्याकडून जेवढं होईल तेवढं मी केलं. तिन्ही वेळा दादाला समोर बसवून जेवायला वाढायचं, आणि जेवता जेवताच गोळी द्यायची. रिकाम्या पोटी औषध बाधतं असं आमच्याकडे मानतात. अंगात ताकद यावी म्हणून ताटात बांगडा नाहीतर सुकट, वर वाटीभर दही. वहिनी नाक दाबून का होईना, पण मदत करायची.

काही फरक पडेना. दादा तसाच उंबऱ्याशी अडकलेला. वहिनी म्हणाली, "वन्सं, गोळीनं बी हुईना. म्हंजे आजार त्यो नव्हंच. न्ह्या तुमी." पहिल्यांदाच ती रडताना दिसली. मी दादाचे कपडे पिशवीत भरले.

शनिवारी दुपारी विजयाबाई रिक्षा करून गल्लीत आल्या. वहिनीनं फोनवर सांगितलं असणार. त्या आल्या तेव्हा दादा जेवत होता आणि मी गोळी त्याच्या जिभेवर ठेवत होते.

"थांबा. कशाबरोबर देताय?"

मी अभिमानानं ताट दाखवलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, मासळी, दही, डाळ यातलं प्रोटीन आणि ही गोळी, दोघांना पोटातून आत जायचं दार एकच. तुमचा बांगडा आडदांड, तो आधी घुसतो. गोळी बाहेरच उभी राहते. सुरुवातीला मीही सकाळी दुधाबरोबर घ्यायची आणि दुपारपर्यंत लाकूड होऊन बसायची. पाण्याबरोबर द्या, जेवणाच्या बऱ्याच आधी. मळमळलं तर भाकरीचा तुकडा द्या. मासळी एकाच वेळेला, रात्री. आणि डॉक्टरांना आत्ता विचारा, माझ्यावर विश्वास ठेवू नका."

विचारलं. डॉक्टर म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. पण सगळा दोष माशांचा नाही, डोसही अजून कमी होता, आता थोडा वाढवू. ते माझी समजूत घालत होते की खरंच तसं होतं, कोण जाणे. एवढ्या लांबून, गाडीभर लोकांची बोलणी ऐकून, मायेनं आणलेली वस्तू मीच औषधाच्या आड घातली होती.

बाईंनी मागांचंही सांगितलं. आतला हुकूम पायांपर्यंत पोचत नाही, पण बाहेरून ठेका मिळाला की पाय दुसऱ्या वाटेनं सुटतात. डॉक्टर आता हे मुद्दाम शिकवतात, कोणाला टाळ्यांवर, कोणाला जमिनीवर आखलेल्या पट्ट्यांवर. "सुनंदा, गल्ली त्यांना चालवत होती गं, ते कुठं नाटक करत होते!"

मी रविवारची गाडी सोडली.

भाकरी

फरक एकदम पडला नाही. एका सकाळी दादानं शर्टाचं बटण स्वतः लावलं. मग भाकरी स्वतः मोडली. मग वहिनी काहीतरी पुटपुटली त्यावर "काय गं?" म्हणाला, आणि ते मला मोरीतून ऐकू आलं.

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस होता. गल्ली गप्प. दादा बाहेरून आला आणि उंबऱ्याशी पुन्हा अडकला. मी उठले. वहिनीनं हातानं मला थांबवलं. ती परातीत भाकरी थापत होती. तिनं थाप मोठी केली. थप-थप, थप-थप, एका ठेक्यात, दादाकडे न बघता. दादाचा उजवा पाय सुटला. मग डावा. तो आत आला, पाटावर बसला. वहिनी थापतच राहिली. भाकरी पातळ होऊन फाटली तरी थापत राहिली.

त्या दिवशी मी दादाला म्हटलं, "आता बरा आसंस. चल घराक. आवस वाट बघता."

दादानं समोरचा तांब्या सरळ केला. मग म्हणाला, "मी हंयच रवतंय."

"आवशीक काय सांगू?"

"डॉक्टर हंय आसा."

"कोल्हापुरात पण डॉक्टर आसत. भाकरी मी थापीन."

त्यानं आतल्या खोलीकडे बघितलं. वहिनी भाकऱ्या उभ्या करून वाळत घालत होती. "ती एकटी पडात," तो म्हणाला.

मी पिशवीतून त्याचे कपडे काढून घडी करून फळीवर ठेवले. आईला फोन लावला आणि दादाच्या हातात दिला. आई पलीकडून सारखी विचारत होती, कधी येतंस, कधी येतंस. दादा म्हणाला, येईन. आईनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं फोन मला परत दिला.

चार-पाच वर्षं आधी कळलं असतं तर तो स्वतःच्या पायांनी मे महिन्यात आला असता, आईनं त्याला हसताना बघितलं असतं. आता आईला एवढा प्रवास होणार नाही, आणि त्याला कधी होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी एकटी परत आले. आईनं माझ्या मागं दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "हात-पाय धुवन जेव."

विजयाबाईंना

निघायच्या आदल्या दिवशी बाईंच्या पाया पडायला गेले. त्यांनी पदर जरा बाजूला करून गळ्याखालचा उंचवटा दाखवला. कातडीखाली काडेपेटीएवढी डबी. मेंदूत बारीक तारा घातल्यात, ही डबी त्यांना करंट देते, असं त्यांनी पुण्यातल्या ऑपरेशनचं सांगितलं. आजार जात नाही, पण गोळ्या कमी झाल्या, हाताची थरथर थांबली. सगळ्यांना ते लागत नाही आणि चालतही नाही. दादाला कदाचित कधीच लागणार नाही. "मी बॅटरीवर चालते," म्हणाल्या. मी घाबरून डबीकडे बघत राहिले, तर म्हणाल्या, "हात लावा, शॉक बसत नाही."

मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या की डबीतली बॅटरी संपत आलीये, बदलायला पुण्याला जावं लागेल. मुलगी बेंगळुरूला, तिची पोरं लहान. सोबत कोण? "बघू, मिळेल कोणीतरी."

बाई, त्या वेळी मला काही बोलायला सुचलं नाही, आणि गाडीत बसल्यावर सगळं सुचलं. म्हणून इथं लिहिते. ते कोणीतरी म्हणजे मी. पुण्यात तुमच्या खाटेजवळ मी बसेन, तुमच्या गोळ्या पाण्याबरोबर आणि वेळेवर देईन, घरी आणून सोडीन आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत राहीन. आमच्याकडे माणूस कुठंही असला तरी गणपतीला घर सोडत नाही. तुमची बॅटरी ऐन गणपतीत संपली तरी फोन करा. आरती दुसरं कोणीतरी म्हणेल, मी निघेन.